‘लंगडी’ कुणाची?

पत्रलेखिका २२ वर्षांची आहे. गेली पाच वर्षं ती ब्रेकिंग करते, म्हणजे बहुतेक लोक ज्याला ब्रेकडान्स म्हणतात तो नाच. त्यांचा सात जणांचा क्रू आहे. एका ऑफिसच्या इमारतीखाली, ऑफिस सुटल्यावर, काचेच्या भिंतीत स्वतःला बघत ही मंडळी सराव करतात. ज्याने क्रू उभा केला तो वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. सरावाआधी तो स्वतः ओल्या फडक्याने फरशी पुसतो, कारण वाळूचा एक कण राहिला तरी कोपर सोलवटतं.

आता एका बुटांच्या कंपनीने तिला जाहिरातीसाठी बोलावलं आहे. जाहिरातीत एक प्रसिद्ध नटी असेल आणि नाचाचा अवघड भाग हिने तिच्या वेशात करायचा. एवढे पैसे तिने आजवर एकरकमी पाहिलेले नाहीत. दादा म्हणाला, ‘करायचं तर कर, पण मग इथे येऊ नकोस.’ क्रूमधले दोघं तिच्या बाजूने आहेत, बाकीचे गप्प. या नाचाकडे आजवर ढुंकूनही न पाहणारे घरचे लोक अचानक खूश आहेत. ती लिहिते, ‘आमचं होतं तोवर ते खरं होतं. ऑलिंपिक आणि रील्स आल्यापासून कुणीही उठतं आणि स्वतःला ब्रेकर म्हणवतं. मीही आता त्यांच्यातलीच होणार का? मी विकली जातेय का?’ कंपनीला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

आणि शेवटी ताजा कलम: ‘माझ्या व्हिडिओतली जी मूव्ह कंपनीला हवी आहे ती खरं तर दादाची आहे. त्याचा डावा गुडघा गेला तेव्हा त्याने ती बसवली. आम्ही तिला लंगडी म्हणतो. पण ब्रेकिंगमध्ये मूव्हवर कुणाची मालकी थोडीच असते?’

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सगळं पत्र ‘विकलं जाणं’ या एका शब्दाभोवती फिरताना दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी ताज्या कलमापाशी थबकले. तू ते दोन-चार ओळींत उरकलं आहेस, पण खरं पत्र तिथेच आहे असं मला वाटतं. तिकडे येतेच. आधी ज्या शब्दाने तुझी झोप उडवली आहे त्याच्याकडे नीट बघू.

‘आमचं होतं तोवर ते खरं होतं.’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी तुझ्या वयाची असताना आमच्या पाच-सहा जणांच्या टोळक्याला हेवी मेटलचं वेड होतं. मूळ कॅसेट एखादीच असायची आणि तिच्यावरून उतरवलेल्या प्रती हातोहात फिरायच्या. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक. चौथ्या हातात पोचेस्तोवर गिटारपेक्षा खरखर जास्त ऐकू यायची. टेप सैल झाली की कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. आतल्या कागदावर गाण्यांची नावं मी बारीक अक्षरात लिहायचे, एक ओळ लाल शाईत, एक काळ्या. मग एक दिवस त्यातलंच एक गाणं टीव्हीवर लागलं. आमच्या काळ्या शर्टांवरून ज्यांनी आम्हाला हिणवलं होतं, तीच मुलं महिन्याभरात ते गुणगुणायला लागली. मला इतका राग आला की सगळ्या कॅसेट एका खोक्यात भरून मी देऊन टाकल्या. संगीत तेच होतं, त्यातला एक सूरही बदलला नव्हता. फक्त ते आवडतं म्हणून मी आता कुणी वेगळी ठरत नव्हते. त्या खोक्याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून विचारते. रीलवाल्या मुलांचा राग तुला नेमका कशाचा येतो? ती वाईट नाचतात याचा, की सगळेच नाचायला लागल्यामुळे तुझं नाचणं पूर्वीइतकं उठून दिसत नाही याचा? उत्तर मला कळवू नकोस, पण स्वतःशी एकदा खरं बोल.

सारा थॉर्नटन या अभ्यासिकेने १९९५ साली ब्रिटनमधल्या डान्स क्लबांवर एक पुस्तक लिहिलं. क्लबात जाणाऱ्या तरुणांशी बोलताना तिच्या लक्षात आलं, की ‘मेनस्ट्रीम’चा तिटकारा सगळ्यांनाच आहे, पण हे मेनस्ट्रीम आहे कुठे ते कुणालाच नीट दाखवता येत नाही. ते नेहमी पलीकडच्या क्लबात असतं. त्या कल्पनेतल्या गर्दीला चेहरा दिला जायचा तो बहुतेकदा साध्या घरातल्या मुलींचा, हँडबॅग जमिनीवर ठेवून तिच्याभोवती नाचणाऱ्या. नाक मुरडायला मुलीच सापडाव्यात, हे वाचताना मला लागलं होतं. तू स्वतः बी-गर्ल, म्हणजे ब्रेकिंग करणारी मुलगी आहेस. ‘मुलीच्या मानाने बरं करते’ हे तू किती वेळा ऐकलं असशील याचा अंदाज मला आहे. तेव्हा कुणी खोटं आहे असं म्हणताना तुझ्या डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा येतो ते जरा बघ.

थॉर्नटनने याला ‘उपसांस्कृतिक भांडवल’ असं नाव दिलं. काय ऐकावं, काय घालावं, कोणता शब्द कुठे वापरावा हे ठाऊक असणं ही अशा गटांमधली पत असते. सगळ्यांना ते ठाऊक झालं की ती पत उतरते. तू ‘ब्रेकडान्स’ न म्हणता ‘ब्रेकिंग’ म्हणतेस, आणि पहिला शब्द वापरणाऱ्याला लगेच ओळखतेस. त्यात गैर काही नाही. माझ्या लाल-काळ्या शाईसारखंच आहे ते. पण पत घसरल्याचं दुःख आणि नाच बिघडल्याचं दुःख ही दोन वेगळी दुःखं आहेत, आणि तुझ्या पत्रात ती एकमेकांत मिसळली आहेत.

आता तुझ्याच नाचाच्या उगमाकडे जाऊ. ब्रेकिंग ज्या हिपहॉपमधून आलं त्याचा जन्मदिवस म्हणून जी तारीख सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या करमणुकीच्या खोलीत त्या दिवशी एक पार्टी झाली. रेकॉर्ड वाजवायला होता क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे तुमचा डीजे कूल हर्क. गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो तो तुकडा म्हणजे ब्रेक. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन हा तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याची, आणि त्या ब्रेकवर नाचता म्हणून तुम्ही बी-बॉय आणि बी-गर्ल. हे सगळं तुला पाठ असणार. पण ती पार्टी भरवली होती हर्कच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. तिने हाताने लिहिलेली पत्रकं वाटली आणि दाराशी तिकीट लावलं, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट.

ज्या जागेला तुम्ही गंगोत्री मानता तिथे तिकीट होतं, जाहिरात होती, आणि हे सगळं कशासाठी, तर नव्या कपड्यांसाठी. मला यात काडीचाही कमीपणा दिसत नाही. एका मुलीने स्वतःच्या गरजेपोटी चार पैसे मिळवायचा घाट घातला आणि त्यातून जगभर पसरलेलं काहीतरी उभं राहिलं, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पंक संगीताचंही थोडंफार तसंच. लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरन यांचं कपड्यांचं दुकान होतं. मॅक्लॅरन सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर झाला आणि दुकानात कामाला असलेला ग्लेन मॅटलॉक बँडमध्ये बास वाजवायला लागला. ज्या चळवळीचं नाव घेऊन लोक आजही बाजाराला शिव्या घालतात, तिचा पाळणा एका दुकानात हलला.

१९७०च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तरुणांच्या अशा गटांवर मन लावून काम केलं. टेडी बॉईज, मॉड्स, स्किनहेड्स यांच्या कपड्यांत आणि केसांत त्यांना प्रतिकार दिसला. आधी रस्त्यावर काहीतरी अस्सल जन्माला येतं, मग बाजार येतो, त्यातलं दिसायला आकर्षक तेवढं उचलतो, आणि त्यातला दंश निघून जातो, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल. दादा जे म्हणतोय ते साधारण हेच. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण सिंडीच्या त्या पत्रकांकडे बघ. पत्रक, पोस्टर, छोटी मासिकं, रेडिओ, आता रील्स, हे सगळं पहिल्या दिवसापासून आतच असतं. लोकप्रिय संस्कृती बाहेर दबा धरून बसलेली आणि तुम्ही आत सोवळ्यात, असं चित्र कधीच नव्हतं.

मग दादा चुकतोय का? नाही, आणि इथे मी तुला जरा थांबवणार आहे.

१९८३ साली ‘फ्लॅशडान्स’ हा हॉलिवूडपट आला. त्यात रॉक स्टेडी क्रूची पोरं रस्त्यावर नाचतात असं एक छोटंसं दृश्य आहे. ब्रेकिंग पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, असं जगभरातले कितीतरी जुने ब्रेकर सांगतात. पण त्याच चित्रपटाच्या शेवटी नायिका पाठीवर गरगर फिरते तो तुकडा नायिकेने केलेला नाही. तिच्या वेशात तो केला रॉक स्टेडी क्रूमधल्या क्रेझी लेग्जने, ज्याच्या नावाशी आजची विंडमिल, म्हणजे पाय पसरून पाठीवर-खांद्यांवर गोल गोल फिरण्याची मूव्ह, जोडली जाते. चेहरा तिचा आणि पाठ त्याची. तुझ्याकडे आलेलं काम हुबेहूब तेच आहे. त्या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली तरी सौदा बदललेला नाही, हे तुझं पत्र वाचताना मला टोचलं.

पुढच्या वर्षी, १९८४ला, लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या समारोपाला सुमारे २०० ब्रेकर मैदानावर नाचले. जाहिराती, सिनेमे, टीव्ही, जिथे बघावं तिथे ब्रेकडान्स. आणि मग दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या कॅमेऱ्यांना कंटाळा आला. नाच तोच, नाचणारे तेच, पण बोलावणं बंद. ब्रेकिंग टिकलं ते ज्यांनी कॅमेरा गेल्यावरही फरशी सोडली नाही त्यांच्यामुळे, आणि दुसऱ्या देशांत ज्यांनी ते उचलून धरलं त्यांच्यामुळे. जर्मनीत १९९०ला ‘बॅटल ऑफ द इयर’ ही ब्रेकिंगची स्पर्धा सुरू झाली ती याच पडत्या काळात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचंही बघ. ब्रेकिंग पहिल्यांदाच तिथे होतं, पण २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये ते नसणार हे पॅरिसच्या आधीच ठरून गेलं होतं. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? ऑस्ट्रेलियाच्या रेगन या बी-गर्लला तीन बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतींत, मिळून एकही गुण मिळाला नाही आणि तिची जगभर टिंगल झाली, ते. त्या दिवशी मुलींमध्ये सुवर्णपदक जपानच्या आमीने जिंकलं, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल?

दादाने हे सगळं आतून पाहिलं असेल किंवा ऐकलं असेल. त्याची भीती पैशाची नसावी. बोलावणं येतं तेव्हा सगळे जातात, आणि बोलावणं थांबल्यावर परतायला जागा उरत नाही, याची असावी. ‘इथे येऊ नकोस’ हे मात्र चुकीचंच आहे, ते मी झाकणार नाही. जो माणूस तुमचं कोपर सोलवटू नये म्हणून फरशी पुसतो, त्याने कुणाला वाळीत टाकायची भाषा करू नये. पण मला वाटतं त्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्या तोंडून निघालंच नाही. आणि आता आपण ताज्या कलमाकडे येऊ.

‘मूव्हवर कुणाची मालकी थोडीच असते?’

कायद्याने बहुधा नसते, हे खरं. सुटी एकेक स्टेप कॉपीराइटने राखता येत नाही, ही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे. व्हिडिओ गेममध्ये आपल्या स्टेप वापरल्या म्हणून काही जण कोर्टात गेले तेव्हा हा मुद्दा गाजला होता. पण तुम्हा ब्रेकरांचा स्वतःचा कायदा आहे आणि तो तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. दुसऱ्याची खास मूव्ह जशीच्या तशी उचलली तर तुम्ही काय म्हणता? ‘बाइटिंग’. सायफरमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या रिंगणात, कुणी असं केलं तर बाकीचे दातांची खूण करून दाखवतात. म्हणजे मालकीची जाण तुमच्यात पुरेपूर आहे. सहा-स्टेप हे जमिनीवरचं पायकाम सगळ्यांचं, टॉपरॉक हे उभ्याने नाचणं सगळ्यांचं, पण एखाद्याने जीव ओतून काढलेली मूव्ह त्याच्या नावाने ओळखली जाते.

आणि लंगडी तर साधी मूव्हही नाही. तू लिहिलं आहेस की डावा पाय टेकवायचाच नाही म्हणून तो भार खांद्यावर घेतो, तिथून वळतो आणि उजव्या टाचेवर थांबतो. एका माणसाचा गुडघा गेला, त्याला नाच सोडायचा नव्हता, आणि उरलेल्या शरीरातून त्याने वाट काढली. ती वाट आता एका नटीच्या नावावर बूट विकायला जाणार, आणि हे त्याला कळतं तेही तुझ्या व्हिडिओवरून. तू त्याच्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस? मला वाटतं, ‘करायचं तर कर, पण मग इथे येऊ नकोस’ हेच म्हणाली असतीस.

हिपहॉपच्या इतिहासात ही जखम फार जुनी आहे. १९७९ला शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ आलं, रॅपला रेडिओवर नेणारं पहिलं मोठं गाणं. ते ज्यांनी गायलं ते ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांमधले गाजलेले रॅपर नव्हते, या रेकॉर्डसाठीच त्यांना एकत्र आणलं होतं. त्यातल्या बिग बँक हँकने आपले शब्द घेतले ते ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतून. इतके जसेच्या तसे, की कॅझचं जुनं टोपणनाव ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हेही हँक त्या गाण्यात एकेक अक्षर सुटं करून म्हणतो. गाणं जगभर वाजलं. कॅझला ना नाव मिळालं ना पैसे. रेकॉर्डवर त्याचं नाव सबंध जगाला ऐकू येतं आणि ते कुणाचं आहे ते कुणाला माहीत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते गाणं पुन्हा लावून तेवढाच तुकडा ऐकला होता. घशाशी काहीतरी आलं.

याच्या शेजारी रन-डीएमसी हा रॅपचा गट ठेव. त्यांनी आपल्या पायातल्या आदिदास बुटांवर गाणं केलं ते आपण होऊन, त्यांना ते बूट आवडत होते म्हणून. १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी प्रेक्षकांना बूट हवेत धरायला सांगितलं, कंपनीच्या माणसाने ते दृश्य डोळ्यांनी पाहिलं आणि मग करार झाला. बूट तिथेही विकले गेलेच. पण गाणं त्यांचं, शब्द त्यांचे, नाव त्यांचं, आणि टेबलाच्या पलीकडे बसायला तेच होते. म्हणून ‘विकलं जाणं’ हा शब्द मला अपुरा वाटतो. काय विकलं, कुणाचं विकलं, कुणी ठरवलं आणि नाव कुणाचं लागलं, हे त्यातून कळतच नाही.

मी तुझ्या जागी असते तर हे काम आहे तसं घेतलं नसतं, आणि धुडकावलंही नसतं. धुडकावण्यात मान आहे, पण कंपनी दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी शोधेल. तीही तुझ्या व्हिडिओवरून लंगडी शिकेल, आणि तिला ही मूव्ह कुणाची ते माहीतही नसेल. पैसे तुला हवे आहेत हेही मी विसरलेले नाही. पाच वर्षं मनगटं आणि खांदे झिजवून कमावलेल्या कसबाचे पैसे घेण्यात लाज वाटायचं काहीच कारण नाही. घरच्यांचं खूश होणं मात्र या हिशेबात धरू नकोस. त्यांना आज नटी दिसते आहे. तुझा नाच दिसायला त्यांना वेळ लागेल, आणि तो त्यांना एखाद्या बॅटलला नेऊन दाखवायचं काम वेगळं आहे.

लंगडीचा निर्णय तुझा नाही, दादाचा आहे. तो ‘हो’ म्हणाला तर ती बसवणारा म्हणून त्याचं नाव लागलं पाहिजे आणि त्याचे पैसे वेगळे मिळाले पाहिजेत, तुझ्या वाट्यातून काढून दिलेले नव्हेत. तो ‘नाही’ म्हणाला तर कंपनीला दुसरी मूव्ह दे, तुझी स्वतःची. पाच वर्षांत तू काहीतरी स्वतःचं काढलं असशीलच. त्यांना तीच हवी असेल आणि दुसरी चालणारच नसेल, तर मग काम सोडावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मी मागे-पुढे बघितलं नसतं.

करार हातात पडला की तो समजणाऱ्या माणसाकडून वाचून घे. तुमच्यात कुणी वकिलीचं शिकत असेल तर आधी त्याच्याकडे जा. त्यात सगळ्यात आधी बघ, की तू हे काम केलंस हे उघड सांगायची तुला मुभा आहे की नाही. दुसऱ्याच्या वेशात नाचणाऱ्यांकडून कधीकधी गप्प राहायचं कलम लिहून घेतात. व्हिडिओखाली तुझं आणि क्रूचं नाव मागून घे. ते द्यायला त्यांना काही खर्च नसतो आणि तरी न मागता मिळत नाही. जाहिरात किती काळ आणि कुठे कुठे दाखवणार हेही लिहून घे, नाहीतर तुझी पाठ आणखी दहा वर्षं कुणाचे तरी बूट विकत राहील. आणि हल्लीचं एक. तुझ्या हालचाली सेन्सर लावून टिपणार असतील, तर त्या नोंदी पुन्हा दुसरीकडे वापरायच्या नाहीत हे स्वच्छ शब्दांत असू दे. हॉलिवूडच्या नटांनी २०२३मध्ये संप केला तेव्हा स्वतःची डिजिटल प्रत कुणी कशी वापरावी हा एक मोठा मुद्दा होता, आणि नाचणाऱ्यांना तर तो त्याहून जवळचा आहे.

फरशीचंही विचार. हे कुणी विचारत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितेय. शूटिंगला चकचकीत दिसतं म्हणून ओलं किंवा खडबडीत काहीही अंथरतात आणि एकेक मूव्ह वीस-वीस वेळा करायला लावतात. अंग गरम करायला वेळ किती, डोक्यावर आणि मानेवर भार येणारी मूव्ह किती वेळा करायची, लागलं तर खर्च कुणाचा, हे आधी ठरव. नटीचा गुडघा जपायला तिथे चार माणसं असतील. तुझा तुलाच जपायचा आहे.

तुझ्या पत्रासारखी पत्रं मला वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. एकाच्या भिंतीवरच्या ग्राफिटीचा फोटो कुणीतरी टी-शर्टवर छापला. एकीने वर्षभर शिवलेला कॉस्प्लेचा पोशाख एका कार्यक्रमाने ‘उसना’ नेला आणि पोस्टरवर दुसरीच झळकली. एक स्केटर विचारतो की स्केटिंग ऑलिंपिकमध्ये गेल्यापासून बोर्ड हातात घ्यावासा वाटत नाही, काय करू. त्या सगळ्यांना मी तुझ्याच पत्राच्या निमित्ताने सांगेन की आपण जे करतो त्याच्या तारखेनिशी नोंदी ठेवा. कुणी काय काढलं, कधी काढलं, कुणाकडून शिकलं. वही असो की व्हिडिओखालची ओळ. कॅझचं टोपणनाव त्या रेकॉर्डवर राहून गेलं, म्हणून आज निदान ही गोष्ट तरी सांगता येते. आणि त्या स्केटरला एवढंच विचारते, की बोर्ड हातात घेताना तुला आधी कोण बघत होतं?

रीलवाल्या मुलांचं एक राहिलं. त्यांच्यातलं एखादं पोर कधीतरी त्या काचेपाशी येऊन लांबून बघत उभं राहील. कदाचित येतही असेल आणि तुम्ही लक्ष देत नसाल. त्याला पहिल्याच दिवशी लंगडी शिकवू नका, पण ती कुणाची आहे आणि का आहे ते सांगा. मला वाटतं, त्या मुलांना मूव्ह येतात आणि गोष्टी येत नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि तुमच्यात फरक आहे. तुम्हाला त्या गोष्टी कुणीतरी सांगितल्या होत्या. बहुधा दादानेच.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणतेस. कंपनीला आज एक निरोप पाठव की दोन गोष्टी नक्की करून कळवते. ते थांबतात, असते त्याहून जास्त घाई दाखवतात एवढंच. मग सरावाच्या दिवशी बाकीचे यायच्या आधी अर्धा तास जा. दादा फरशी पुसत असेल. दुसरं फडकं घे आणि पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात कर. त्याला जाहिरातीविषयी विचारू नकोस. गुडघा गेला तेव्हा लंगडी सुचली कशी, पहिल्यांदा जमली तो दिवस कुठला, ते विचार. पाच वर्षांत हे त्याला कुणी विचारलं आहे का, मला शंका आहे. त्याला पूर्ण सांगू दे. बाकीचं बोलणं त्यानंतर.